काम संपण्याची वेळ आधी ठरव

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र मिळाले. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कार्यालयात सकाळी साडेनऊला पोहोचूनही रात्री नऊच्या आत घरची वाट धरता येत नाही, शनिवारीही लॅपटॉप उघडावाच लागतो, आणि एवढे करून स्प्रिंटच्या, म्हणजे आखून दिलेल्या काही आठवड्यांच्या टप्प्याच्या, शेवटी दोन-तीन टिकेट्स (नेमून दिलेली कामे) उरतातच; तेव्हा आपण मुळातच संथ आहोत की काय, असे तू विचारले आहेस. तुझे काम मी जवळून पाहिले आहे, म्हणून निःशंकपणे सांगते, तू संथ नाहीस. तुझ्या दिवसाला शेवट नाही. ज्या दिवसाला शेवट नसतो, त्या दिवसात कोणते काम आधी करायचे, कोणते नंतर आणि कोणते मुळीच हाती घ्यायचे नाही, हे ठरवण्याची निकड कोणालाच भासत नाही. सगळेच करायचे असते आणि सगळ्यालाच रात्र मोकळी असते. म्हणून माझा सल्ला उलट्या टोकाकडून सुरू होतो. आधी काम संपण्याची वेळ ठरव, आणि मग त्या वेळेत काय मावते ते पाहा.

तास कमी करण्याची भाषा म्हणजे आजच्या पिढीचे लाड आहेत, असे तुझ्याकडचे काही ज्येष्ठ म्हणतात, असे तू लिहिले आहेस. ही भाषा मुंबईत एकशे चाळीसहून अधिक वर्षे जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे, अशीही मागणी होती. त्यातली रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न ऐरणीवर आला, १९४६ च्या कायदादुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीच मर्यादा कायम ठेवली. आज आपण ज्या चौकटीत काम करतो, ती अशी झगडून मिळालेली आहे, आणि ती स्वतःहून मोडण्यात कसलाही पराक्रम नाही.

तास घटले की कामही घटणार, हा आक्षेप मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे. त्याचे उत्तर मोजून दिले गेले ते जर्मनीतल्या येना शहरात. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे हे तिथल्या झाइस या भिंगे आणि सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्याचे प्रमुख होते. त्यांनी १९०० मध्ये कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला, आणि नगावर मजुरी मिळवणाऱ्या २३३ कामगारांची आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची कमाई ताडून पाहिली. तासाची कमाई सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे एक तास कमी करूनही दिवसभराचे काम किंचित जास्तच भरत होते. आबे यांचे त्यावरचे विवेचन मला आकडेवारीपेक्षाही मोलाचे वाटते: दिवसाचा शीण दुसऱ्या दिवसाच्या आत पूर्ण भरून निघाला पाहिजे, कारण जो भरून निघत नाही तो रोज थोडा थोडा साठत जातो आणि शेवटी माणसाची सगळीच गती मंद करतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतून आठवडेच्या आठवडे, रविवारसुद्धा, काम चालू होते, आणि १९१५ मध्ये नेमलेल्या एका समितीने तिथले तास आणि उत्पादन यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. त्याच नोंदी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, त्यापुढे ती वाढ मंदावत होती, आणि ७० तास काम झाल्यावर जेवढा माल निघे तो ५६ तासांच्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. चौदा तास अधिक राबून हाती जवळजवळ काहीच आले नाही. तू पाठवलेला हिशोब मांडून बघ: पाच दिवस साडेअकरा तास आणि शनिवारचे चार, म्हणजे सहज साठी ओलांडते.

त्या कारखान्यांत आणि तुझ्या कामात एक फरक आहे, आणि तो तुझ्या बाजूचा नाही. लेथवर थकलेल्या हाताने सुटा भाग बिघडला तर तो तिथेच दिसतो आणि तेवढाच बाजूला टाकता येतो. थकलेल्या मेंदूने लिहिलेला कोड मात्र निमूटपणे चालतो. रात्री नऊ वाजता तू एखादी अट उलटी लिहितेस किंवा मूल्य रिकामे असण्याची शक्यता तपासायची राहून जाते. तुझ्या मशीनवर सगळे ठीक दिसते, आणि रिव्ह्यू करणाराही तितकाच दमलेला असल्यामुळे तोही मान डोलावतो. दहा दिवसांनी टेस्टिंगमध्ये ती चूक वर येते, तेव्हा टेस्टर ती पुन्हा घडवून पाहण्यात दुपार घालवतो, तू स्वतःचेच लिहिलेले नव्याने समजून घेतेस, मॅनेजर क्लायंटला स्पष्टीकरण देतो, आणि टाइमशीटवर या सगळ्याची नोंद ‘काम’ अशीच होते. रात्रीच्या त्या एका तासाची खरी किंमत दुसऱ्याच आठवड्यात, दुसऱ्याच माणसांच्या वेळेतून वसूल झालेली असते, आणि म्हणूनच ती कधी कोणाच्या डोळ्यांत येत नाही. माझ्या मते लांब दिवस टिकून राहण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, की त्याचे नुकसान त्याच्या नावावर मांडले जात नाही.

हे तुझ्यापुरते तरी तू मांडू शकतेस. गेल्या तीन महिन्यांत तुझ्याकडे परत आलेले सगळे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, एका कागदावर लिही, आणि प्रत्येकासमोर ज्या कमिटमधून (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलातून) तो शिरला त्याची वेळ लिही. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक कमिटची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे आठवणीवर विसंबण्याची गरज नाही. कोणाला दाखवण्यासाठी हे करू नकोस. आपला मेंदू कोणत्या तासापर्यंत भरवशाचा आहे, एवढे स्वतःला कळण्यासाठी कर. अनेक तरुण सहकाऱ्यांकडून मी हा तक्ता करून घेतला आहे, आणि तो पाहिल्यावर उशिरापर्यंत बसण्याचा अभिमान सहसा टिकत नाही.

आता दिवसाची रचना. तुमचा क्लायंट न्यूयॉर्कला आहे. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. याचा अर्थ असा, की सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत तुझा क्लायंट झोपलेला असतो, मेंदू ताजा असतो आणि तुला कोणी हाक मारण्याचे सबळ कारण नसते. हे तीन तास म्हणजे तुझ्या दिवसाचा गाभा आहे, आणि बहुतेक कार्यालयांत नेमके तेच स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक), मेल, चॅट आणि ‘दोन मिनिटे बोलायचे होते’ यांत वाटून टाकले जातात. संध्याकाळी क्लायंटच्या कॉलसाठी थांबायचेच आहे, ही जाणीव सकाळीच मनात असल्यामुळे दिवसभर कोणालाच घाई वाटत नाही. अवघड काम सहज पुढे ढकलले जाते, आणि खऱ्या अर्थाने काम सुरू होते ते चारनंतर. तुमच्या लांब दिवसाचे मूळ क्लायंटच्या घड्याळात आहे असे सगळे मानतात, पण मला ते या सकाळच्या सैलपणात अधिक दिसते.

म्हणून त्या तीन तासांत स्प्रिंटमधले सर्वांत कठीण काम घे, आणि चॅट बंद ठेव. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीत, काही बंद पडले तर फोन करावा, बाकी सर्व निरोपांना दुपारी उत्तर मिळेल, असे टीमला एकदा स्पष्ट सांगून ठेव. सुरुवातीला कोणी कुरकुर करेल, पण एकदा तुझे उत्तर दररोज त्याच वेळी येऊ लागले की कोणाचे काही अडत नाही. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले आहे. तासाभरात सहा वेळा चॅट पाहणारा माणूस त्या तासात पूर्णपणे कुठेच नसतो.

संध्याकाळच्या कॉलचे काय, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. रोजचा कॉल बहुधा सवयीने चालू राहिलेला असतो. त्याऐवजी सहा वाजेपर्यंत क्लायंटला एक लेखी टिपण जायला हवे: आज काय पूर्ण झाले, कुठे अडले, त्यांच्याकडून कोणता निर्णय हवा आहे, आणि तो उद्या सकाळपर्यंत न आल्यास आपण काय गृहीत धरून पुढे जाणार आहोत. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे त्यांचे उत्तर आले नाही तरी तुझी सकाळ वाया जात नाही. असे टिपण नीट लिहायला वीस मिनिटे लागतात, आणि त्याने चर्चेचे गुऱ्हाळ बऱ्याच अंशी थांबते. मग कॉल आठवड्यातून दोनदा ठेवण्याचा प्रस्ताव मॅनेजरकडे मांड. त्या दोन दिवशी सकाळी उशिरा ये, किंवा दुपारी घरी जाऊन कॉल घरूनच घे. मात्र सकाळी साडेनऊपासून रात्री साडेआठपर्यंत एकाच खुर्चीत बसण्याला ‘लवचीक वेळ’ म्हणू नकोस.

मॅनेजरशी बोलण्याची तुला भीती वाटते, हे तुझ्या पत्रातून जाणवते. आपल्याकडे ‘हो सर, होऊन जाईल’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे, की होणार नाही असे सांगणे उद्धटपणा वाटतो. पण ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. ‘मला फार काम आहे’ ही तक्रार आहे, आणि तिच्यावर मॅनेजर काहीही करू शकत नाही. ‘या आठवड्यात पेमेंटचे मॉड्यूल आणि रिपोर्ट, या दोहोंपैकी एकच नीट होईल, आधी कोणते हवे?’ हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणे हेच त्याचे काम आहे. हा प्रश्न सोमवारी विचार. गुरुवारी विचारलास तर तो सबबीसारखा ऐकू येईल. बऱ्याचदा असे आढळते, की त्या दोहोंपैकी एकाची घाई कोणालाच नव्हती. कोणी तरी कधी तरी मेलमध्ये ‘लवकर’ असे लिहिले होते, एवढेच.

काही मॅनेजर खुर्चीच मोजतात, हे मी नाकारत नाही. वेळेवर उठणाऱ्याला अप्रेझलमध्ये मागे ठेवलेले मी पाहिले आहे, आणि तो अन्यायच आहे. त्याला तोंड द्यायचे तर तुझे काम दुसऱ्या मार्गाने दिसले पाहिजे: वेळेत संपलेली टिकेट्स, परत न आलेले बग आणि दर शुक्रवारी पाच ओळींचा आढावा. दोन स्प्रिंट असे करूनही त्याला फक्त तुझी रिकामी खुर्चीच दिसत असेल, तर टीम बदलण्याची विनंती कर. प्रोबेशनवर असलेल्या किंवा घरचे कर्ज डोक्यावर असलेल्या मुलामुलींना हे इतके सोपे नसते, याची मला कल्पना आहे, आणि त्यांनी नोकरी पणाला लावावी असे मी कधीही म्हणणार नाही. सकाळचे तीन तास राखणे मात्र त्यांच्याही हातात असते.

इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, त्याचा दाखला तुला कार्यालयात सतत दिला जातो. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे, पण या मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. संस्थापक कोणते काम करायचे ते स्वतः ठरवतो आणि त्याचे फळही त्याला मिळते. तुझ्या वाट्याला आलेले टिकेट तू निवडलेले नसते. शिवाय प्रश्न देहाचाही आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. तुला आता सव्वीसावे लागले आहे, आणि हा हिशोब पुढे उतारवयात समोर येतो.

रिलीजचा आठवडा किंवा मध्यरात्री सर्व्हर बंद पडणे, हे अपवाद येणारच. तेव्हा मागे हटू नकोस, मन लावून रात्र काढ, आणि तेवढे तास त्याच आठवड्यात परत घे. पुढच्या महिन्यावर टाकलेली सुट्टी सहसा मिळत नाही.

आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार सरकारी आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांचा आठवडा पगार न कापता ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणला गेला, आणि बहुतेक ठिकाणी काम पूर्वीइतकेच किंवा अधिक चांगले झाले. तिथे तास आधी कमी झाले. बैठका आखडत्या घेणे, नको ती कामे वगळणे आणि पाळ्यांची नवी मांडणी हे सगळे त्या मर्यादेत बसण्यासाठी लोकांनी स्वतः शोधून काढले. म्हणूनच ‘आधी कार्यक्षम होते, मग लवकर निघते’ असे ठरवू नकोस. त्या क्रमाने लवकर निघण्याची वेळ येतच नाही.

येत्या सोमवारपासून कॉल नसलेल्या दिवशी साडेसहाला लॅपटॉप बंद कर. पहिल्या आठवड्यात काही गोष्टी अपुऱ्या राहतील. त्या कोणत्या राहिल्या आणि त्यांतल्या कोणाकोणाची खरोखर आठवण काढली गेली, हे लिहून ठेव. बगांचा तक्ता आणि ही यादी दोन्ही मला पाठव. मॅनेजरपुढे कॉलचा प्रस्ताव कसा मांडायचा, त्याचा मसुदा आपण दोघी मिळून त्यावरूनच तयार करू.

तुझी हितचिंतक