बाई, आत येऊ का?

"मॅडम, आई आंघोळीला अंगाला हात लावू देत नाही. परवा वृद्धाश्रमातल्या मावशींना चावली. संस्थेतून फोन आला, 'जमत नसेल तर दुसरीकडे बघा.' मी काही बोलायला गेले तर मागाहून आईलाच भोगावं लागेल ना?"

वृद्धाश्रमात आई-वडील असलेली माणसं हा शेवटचा प्रश्न आवाज खाली आणूनच विचारतात. ही मुलगी पन्नाशीची. आई ब्याऐंशीची, निवृत्त मुख्याध्यापिका, तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनाच्या पहिल्या दोन बैठका मी मुलीच्या अपराधी भावनेवरच घालवल्या. चुकलंच माझं. मग परवानगी घेऊन एकदा पहाटे सहाला तिथे जाऊन बसले.

दोन मावशी, अकरा आज्या, साडेसातला चहा. बाथरूमला दार होतं, पण ते सताड उघडं. एकीची आंघोळ चालू, दुसरी, म्हणजे मुलीची आई, दारात स्टुलावर, अंगाला नुसता टॉवेल. समोरून पाण्याच्या बाटल्या घेऊन मामा गेले. नंतर या बाईंना आत घेऊन "चला सोनू, शहाणं बाळ ना तू?" म्हणत मावशींनी थेट डोक्यावर मग ओतला. बाईंनी हात झटकला. वहीत नोंद झाली : 'आंघोळीस विरोध. मारतात.'

ज्यांच्यासमोर पालकसुद्धा खुर्चीत सावरून बसत, त्या बाई दारात उघड्या बसल्या होत्या. स्मरण गेलं तरी लाज जातेच असं नाही. अशा रुग्णांना डोक्यावर अचानक पडलेल्या पाण्याची भीतीही वाटू शकते. आणि बाळाशी बोलावं तसं बोललं की विरोध वाढतो, हे अमेरिकेत क्रिस्टीन विल्यम्स यांनी नर्सिंग होममधल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं आहे.

मावशींशी बोलले तर त्यांचे डोळे भरले. "मायेनेच म्हणते हो. माझ्या नातीलाही सोनूच म्हणते." खरंच होतं ते. रात्रपाळी संपवून त्या दिवसाच्या पाळीला उभ्या होत्या. बारा-बारा तास अकराजणींचं सगळं करणाऱ्या बाईला मानसन्मानावर व्याख्यान द्यायला माझी जीभ रेटेना.

मुलीला म्हटलं, तक्रार नको, माहिती घेऊन जा. तिने एका कागदावर लिहून दिलं : आईला 'बाई' म्हणायचं. आंघोळ सकाळी नाही, दुपारी. शाळेच्या दिवसांतही ती रविवारी दुपारीच निवांत नहायची. आधी पाय, मग हात, डोकं सगळ्यात शेवटी, तेही वेगळ्या दिवशी चालेल. अंगावर मोठा पंचा राहू द्यायचा आणि त्याच्या आडून धुवायचं. साबण तिच्या हातात द्यायचा. दाराला पडदा मुलीनेच शिवून नेला. दुपारी गर्दी नसते, म्हणून मावशींनाही ते सोयीचं पडलं.

बोलल्यावर राग निघेल का? निघूही शकतो, खोटा दिलासा मी देत नाही. म्हणून वेळ बदलून भेटायला जावं, मावशींची नावं माहीत असावीत, आणि मागणं व्यवस्थापकांना लेखी द्यावं. पण अंगावर वळ दिसले, माणूस ठरावीक व्यक्ती आली की आक्रसला, तर विनंतीची भाषा सोडायची. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन विनाशुल्क आहे, ती अशाच वेळी वापरायची.

आठवड्यातून एक-दोनदा बाई अजूनही नाही म्हणतात. त्या दिवशी कोमट पाण्याने अंग पुसलं जातं. रोज आंघोळ झालीच पाहिजे, हा हट्ट आपलाच असतो.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा मावशी पडद्याशी थांबून विचारत होत्या, "बाई, आत येऊ का?"

आतून उत्तर आलं, "या. चपला बाहेर काढा."