पाठ झालेलं कार्टून

प्रश्न: ताई, मी लालबागच्या चाळीत वाढले, वय ३८. शाळेतून आलं की दप्तर टाकून आधी कार्टून नेटवर्क, तेच तेच स्कूबी डू, तेच जेटसन्स, सगळं पाठ झालेलं तरी रोज बघायचो. परवा माझ्या ७ वर्षांच्या मुलाला मोबाईलवर स्कूबी लावून दिलं तर दोन मिनिटांत बदललं त्याने, मला खरंच रडू आलं. आम्हाला रिपीट बघून कंटाळा कसा नाही आला? आणि याला ते कसं आवडेल?

उत्तर: अगं, रडू येणारच. आधी रिपीटचं सांगते. हा चॅनल आपल्याकडे १९९५ ला आला तेव्हा त्यांच्याकडे मुख्य साठा स्कूबी, जेटसन्स बनवणाऱ्या हॅना-बार्बेराच्या जुन्या कार्टूनचा, ती कंपनीच हा चॅनल काढणाऱ्या टेड टर्नरने १९९१ मध्ये विकत घेतली होती. आता बघ, जेटसन्सच्या पहिल्या सीझनचे एपिसोड फक्त २४, त्यांच्याच जॉनी क्वेस्टचे २६, एवढ्यावर रोज दिवस काढायचा म्हणजे तेच फिरून फिरून येणार ना. आणि जेटसन्स १९६२ चं, म्हणजे मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायच्याही १० वर्षं आधीचं!

पण पाठ होतं हीच तर मजा होती गं. स्कूबीत शेवटी भुताचा मुखवटा निघायच्या आधीच सगळी पोरं ओरडून आतल्या माणसाचं नाव सांगायची. आमच्याकडे गिरगावात केबलची काळी वायर गॅलरीतून खिडकीच्या फटीतून आत यायची, जॉइंटला चिकटपट्टी, पाऊस लागला की चित्राला मुंग्या, मग एकाने वायर धरून उभं राहायचं आणि बाकीचे "आलं आलं, हलू नकोस!" ते काम बहुतेक माझ्याकडे. पाठ टीव्हीकडे, तरी टॉम अँड जेरीचं नुसतं वाजणं ऐकून मला कळायचं की आता टॉमच्या शेपटीवर काहीतरी पडलं. रात्री तोच चॅनल टीएनटी व्हायचा, जुने इंग्रजी पिक्चर सुरू, की सगळी पोरं आपापल्या घरी जेवायला.

तुझ्या मुलाच्या हातात मोबाईल आहे, अंगठा फिरवला की दुसरं, तो दुसऱ्यांदा बघण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मोबाईल नको, टीव्हीवर लाव, रोज एकाच वेळेला, आणि तू शेजारी बस, भाजी निवडत का होईना पण बस. स्कूबी आत्ता नको, त्याला गोष्ट रंगायला वेळ लागतो. टॉम अँड जेरीपासून सुरू कर, सातेक मिनिटांत संपतं, भाषेची अडचण नाही, आणि मला विचारशील तर त्याहून चांगलं काही बनलंच नाही. तीन-चार दिवस तोच भाग लाव. पुढे काय होणार ते तो तुला आधीच सांगायला लागला की समज जमलं.

नाहीच आवडलं तर जबरदस्ती नको करूस. त्याचंही काहीतरी असेलच जे तो चार-चारदा बघतो, एक दिवस ते त्याच्याबरोबर बस आणि विचार, यातलं तुला काय काय पाठ आहे.