रात्रपाळी: कप, सिगारेट, पेग आणि पहाटेची भूक

रात्रपाळी करणाऱ्यांनी पाठवलेल्या प्रश्नांत कोणी खाण्याबद्दल विचारलं आहे, कोणी दारूबद्दल, कोणी गोळ्यांबद्दल. आम्ही ते मुद्दाम एकत्र घेतले आहेत. जागं राहायला रात्री काहीतरी घ्यायचं, त्यापायी सकाळी झोप येत नाही म्हणून दुसरं काहीतरी घ्यायचं, आणि झोप कमी पडली की पुढच्या रात्री पहिल्याचं प्रमाण वाढवायचं, अशी ही एकच साखळी असते. कुठली कडी आधी सोडवायची हे कळलं की बाकीच्या सैल पडतात.

प्रश्न: माझी पाळी रात्री १० ते सकाळी ६. घरून जेवून निघतो, तरी तीन-साडेतीनला बिस्किटं, तळलेलं, गोड असं काहीतरी लागतंच. वर्षभरात वजन ७ किलो वाढलं. ही भूक खरी असते का?

उत्तर: अनेकदा ती झोप असते. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत कमी असतं आणि डुलकीचा जोर सर्वांत जास्त. त्यात आदल्या दिवसाची झोप अपुरी असेल तर भुकेची संप्रेरकंही बिघडतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिठाळ पदार्थांची. भाजी किंवा उकडलेलं अंडं हवंसं वाटत नाही, बिस्किटच हवं असतं, त्याचं कारण हे. ओळखायची खूणही हीच. समोर साधं जेवण ठेवलं तर खाल का, असं स्वतःला विचारा. ‘हो’ आलं तर भूक आहे. ‘नको, तेच हवं’ आलं तर थकवा आहे. मग एक पेला पाणी प्या, दहा मिनिटं भरपूर उजेडात चाला आणि पुन्हा विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. अंधार पडल्यावर वाढणारं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटायला अडथळा आणतं, आणि रात्री जठरही सावकाश रिकामं होतं. म्हणून दुपारी सहज पचणारं ताट रात्री दोनला खाल्लं की रक्तातली साखर जास्त चढते, जास्त वेळ चढलेली राहते आणि छातीत जळजळतं. २०२१ साली १९ जणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. त्यांतले जे रात्रीही जेवले त्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांची वाढली नाही. प्रयोग लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे.

तुमच्या पाळीसाठी वेळा अशा ठेवा. मुख्य जेवण रात्री ८ ते ८.३० ला, पोटभर, त्यात डाळ, कडधान्य, अंडी, मासे किंवा मांस यांपैकी काहीतरी असू द्या. १२ ते १ च्या दरम्यान छोटं खाणं, म्हणजे दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे आणि एक फळ, किंवा वाटीभर दही. दोननंतर शक्यतो फक्त पाणी. सकाळी घरी आल्यावर हलका नाश्ता करा. अगदी उपाशी झोपलात तर अकरालाच पोट जागं करतं, आणि भरपेट खाऊन लगेच आडवे झालात तर आम्ल वर येतं. उठल्यावर दुसरं मोठं जेवण. ओझी वाहण्यासारखं अंगमेहनतीचं काम असेल तर मधलं खाणं दुप्पट करा. असं काम करणाऱ्यांनी रात्रभर उपाशी राहण्यात शहाणपण नाही.

आणि खाणं घरून न्या, ताटलीत किंवा वाटीत काढून खा. पुडा टेबलाच्या खणात ठेवला की हात आपोआप जातो, डोळे पडद्यावर असतात, आणि पुडा संपला हे कागद वाजल्यावर कळतं.

प्रश्न: मला मधुमेह आहे. वरची वेळापत्रकं मला लागू आहेत का?

उत्तर: जशीच्या तशी नाहीत. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाची (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असेल तर रात्रीचं खाणं आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना पाळीच्या नेमक्या वेळा लिहून द्या आणि डोसाच्या वेळा त्यांच्याकडून ठरवून घ्या. थरथर, घाम, गोंधळ ही साखर फार उतरल्याची लक्षणं वाटली तर लगेच साखर तपासा. डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रात्री कामावर ही लक्षणं थकव्याची समजून सोडून दिली जातात. धोका त्यातच आहे.

प्रश्न: रात्रभरात पाच कप कॉफी होते, दर दोन तासांनी एक. सकाळी नऊला अंथरुणावर पडते, पण डोळा लागत नाही. कॉफी सोडायलाच हवी का?

उत्तर: सोडू नका, लवकर आटपा. हिशोब मांडून बघू. एका कपात साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन धरा. अंगातलं निम्मं कॅफिन जायला सरासरी पाच तास लागतात. १०, १२, २, ४ आणि ६ ला एकेक कप घेतला तर सकाळी नऊला तुमच्या रक्तात जवळजवळ १६० मिलिग्रॅम शिल्लक असतं. म्हणजे दोन पूर्ण कप पिऊन तुम्ही झोपायला जाता. यातले फक्त चारचा आणि सहाचा कप वगळले की शिल्लक ७० वर येते. एकूण पाचांतले दोनच कप गेले, पण अंथरुणावरचं ओझं निम्म्याहून कमी झालं.

पाच तास ही सरासरी आहे. गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर हा काळ जवळपास दुप्पट होतो, गरोदरपणात त्याहूनही वाढतो. झोपेआधी सहा तास ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी झोप तासाभराहून अधिक घटते, हे २०१३ साली मोजलेलं आहे. म्हणून नियम असा: झोपायच्या वेळेच्या किमान सहा तास आधी शेवटचा कप. नऊला झोपणार असाल तर पहाटे तीन. निरोगी माणसाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, आणि गरोदर असाल तर २०० च्या. एनर्जी ड्रिंकचा २५० मिलिलिटरचा डबा धरायलाही विसरू नका, त्यात साधारण एका कपाइतकं कॅफिन असतं.

कप कमी करताना एकदम तोडू नका. दर तीन-चार दिवसांनी शेवटचा एक वगळा. डोकं दुखलं, चिडचिड झाली तर ती कॅफिन कमी झाल्याची आहे, आठवड्याभरात निवळते.

एक अपवाद. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असणाऱ्याइतकी मंद होते, असं १९९७ साली दाखवून दिलं गेलं. स्वतः गाडी चालवत घरी जायचं असेल आणि डोळे मिटत असतील, तर अर्धा कप घ्या आणि लगेच २० मिनिटांची डुलकी काढा. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्या दिवशी झोप थोडी गेली तरी चालेल.

प्रश्न: सिगारेट सोडून पाच दिवस झाले. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप पार उडाली. पाळीत ब्लॅक कॉफी आधीसारखीच चालू आहे. सिगारेट पुन्हा सुरू करू का?

उत्तर: मुळीच नको. आधी कॉफी निम्मी करा. तंबाखूच्या धुरातले घटक यकृतातल्या कॅफिन पचवणाऱ्या एन्झाइमला वेग देतात. धूम्रपान करणाऱ्याच्या अंगातून कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने निघून जातं. धूर थांबला की काही दिवसांतच तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच कपांतून अंगात साचणारं कॅफिन दुप्पट होतं. तुम्ही सोसत असलेल्या त्रासातला बराचसा भाग या कॉफीचा असू शकतो. सिगारेट सोडलेले कितीतरी लोक याच टप्प्यावर ‘मला जमत नाही’ म्हणून परत फिरतात, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा.

निकोटिनची पट्टी लावत असाल तर झोपताना काढून ठेवा, नाहीतर झोप तुटते आणि भलभलती स्वप्नं पडतात. इथे ‘झोपताना’ म्हणजे सकाळी. पाकिटावरच्या वेळा दिवसपाळीच्या माणसासाठी असतात.

शिवाय पाळीतल्या सिगारेटमागे निकोटिनइतकीच दुसरी गरज असते. बाहेर उभं राहायला मिळणारी ती सात मिनिटं, मोकळी हवा, दोन माणसांशी बोलणं. सिगारेट सोडली म्हणून ती सुट्टी सोडू नका. त्याच वेळी उठा, बाहेर जा, त्याच माणसांशी बोला, फक्त धुरापासून अंतरावर. हातात पाण्याची बाटली असू द्या.

प्रश्न: पाळीवर जागं राहायला एक सहकारी गोळी देतो. घ्यावी का?

उत्तर: नाही. कोणती, किती ताकदीची, हे तुम्हाला ठाऊक नाही. मोडाफिनिल असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करतं. ॲम्फेटामिनच्या, म्हणजे मेंदूला चेतवणाऱ्या, जातीची असेल तर रक्तदाब, हृदय आणि सवय लागणं, तिन्हींचा धोका आहे.

झोपेच्या गोळीबाबतही सांभाळा. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा परिणाम दुसऱ्या दिवशीही उरतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली स्त्रियांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. दारूबरोबर झोपेची कोणतीही गोळी श्वास मंदावते. जीव जातो त्याने.

प्रश्न: माझे मिस्टर पाळीवरून साडेसातला येतात, ६० मिलिलिटरचे दोन पेग घेतात आणि झोपतात. ‘त्याशिवाय झोपच येत नाही’ म्हणतात. बाराला घामाघूम होऊन उठतात, मग दिवसभर चिडलेले. आता तिसरा पेग सुरू झालाय. मी काय करू?

उत्तर: ते खोटं बोलत नाहीत. दारूने डोळा लवकर लागतो. पण पुढचा हिशोब बघा. ४० टक्क्यांच्या ६० मिलिलिटर दारूत सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, दोन पेगांत ३८. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे साडेअकरा ते एकच्या दरम्यान दारू उतरते, आणि तिने दाबून ठेवलेला मेंदू तेव्हाच उसळून जागा होतो. घाम, धडधड, तहान, लघवी सगळं एकदम. स्वप्नांची झोप आधीच कापली गेलेली असते. रात्री थकवा येतो, कप वाढतात, सकाळी झोप आणखी लांब जाते, म्हणून तिसरा पेग.

त्यांना आधी पेगाबद्दल बोलू नका, पहाटे दोननंतरच्या कॉफीबद्दल बोला. ती थांबली आणि खोली खरोखर काळोखी झाली तर पेगाची गरजच थोडी कमी होते. खिडकीला जाड काळा पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, रोज एकाच वेळी किमान चार तास कोणी उठवणार नाही अशी सोय करा. बोलायचं ते सकाळी दारात नको. झोप झाल्यावर, जेवताना बोला.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ती त्यांनी स्वतः सोडवावी. गुण ८ किंवा अधिक आले तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हे नीट वाचा. ते कित्येक महिने रोज पीत असतील, सकाळी न प्यायल्यास हात थरथरत असतील, तर बाटली लपवून एकदम बंद करायला लावू नका. अशा माणसाला शेवटच्या पेगानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन करायचं असतं. फिट आली, असंबद्ध बोलू लागले किंवा नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या, आणि शेवटचा पेग किती वाजता घेतला होता ते तिथे सांगा.