‘यानशी पॅलेस’ आधी बघू की ‘रुयी’? की शेवटी या सासू-सुनांच्याच मालिका?

या दोन चिनी दरबारी मालिकांबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा सोपा आहे. दुसरा अर्धा माझ्या मेहुण्याचा आहे. म्हणजे विचारलाय तुम्ही, पण वाक्य शब्दशः त्याचं: “शेवटी सासू-सुनाच, फक्त टोप्या मोठ्या.” तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

दोन्ही आधी नको. आधी ‘झेन हुआन’ बघा (२०११, ७६ भाग, इंग्रजी नाव ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’). ‘रुयी’ तिच्याच लेखिकेची, ल्यू ल्येनझीची, आणि कथेने तिचा पुढचा भाग आहे. ‘झेन हुआन’मध्ये सगळ्यांना पुरून उरलेली बाई ‘रुयी’मध्ये राजमाता म्हणून बसलेली असते आणि रुयी ही तिच्या जुन्या वैरिणीची भाची. हे माहीत नसेल तर राजमाता रुयीशी पहिल्या भागापासून एवढी तिरकी का वागते ते कळत नाही, आणि माणूस “संथ आहे हो” म्हणून मालिका सोडतो.

आता सासू-सून. आपल्याकडच्या त्या मालिकांत भांडण किल्ल्यांच्या जुडग्यावरून असतं आणि पगार कुणालाच नसतो. इथे पगार असतो. छिंग (चीनचं शेवटचं राजघराणं, मांचू वंशाचं) दरबारात सम्राज्ञी एक. तिच्याखाली राण्यांच्या पायऱ्या: हुआंगक्वेईफेई एक, क्वेईफेई दोन, फेई चार, पिन सहा. त्याखाली क्वेईरेन, छांगझाई आणि दायिंग, यांना संख्येची मर्यादा नाही. वर्षाचा तनखा ठरलेला: सम्राज्ञीला चांदीचे १००० ल्यांग, मग ८००, ६००, ३००, २००, १००, ५० आणि सगळ्यात खालच्या दायिंगला ३०. एक ल्यांग साधारण ३७ ग्रॅमचा, म्हणजे सव्वातीन तोळ्यांच्या आसपास. दासीही पायरीनुसार: सम्राज्ञीला १०, फेई आणि पिनला ६, दायिंगला २. मांस, कापड, मेणबत्त्या, हिवाळ्यातला कोळसा, सगळ्याचा कोटा लिहिलेला. वरच्या जागा मोजक्या. चार फेई भरल्या की पाचवीला वाट बघायची, नाहीतर जागा रिकामी करायची. कथानकाचं इंजिन एवढंच आहे. म्हणूनच चीनमध्ये ‘झेन हुआन’ कचेरीत टिकून कसं राहायचं याचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचली जाते. मर्जी उतरलेल्या बाईच्या शेगडीत धुराचा काळा कोळसा येतो, तो सम्राटाने पाठवलेला नसतो. खात्यातल्या कारकुनाने वारं ओळखलेलं असतं. सरकारी कचेरीत दोन वर्षं काढलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

या उतरंडीमुळेच नवख्याचा मोठा घोळ होतो: नावं. मानाची पदवी आधी लागते, पायरी नंतर. लिंग पिन, लिंग फेई, लिंग क्वेईफेई या तीन बायका नाहीत, एकाच बाईच्या दोन बढत्या आहेत. झेन हुआन ‘वान’ पदवीने आत येते (वान छांगझाई, वान क्वेईरेन, वान पिन) आणि परत येते तेव्हा ‘शी’ झालेली असते (शी फेई, शी क्वेईफेई). इंग्रजी उपशीर्षकांत फेईला कन्सोर्ट, पिनला काँक्युबाइन, क्वेईरेनला नोबल लेडी, छांगझाईला फर्स्ट अटेंडंट म्हणतात, पण एका मालिकेतली भाषांतराची पद्धत दुसरीत नसते. आठही पायऱ्या एका चिठ्ठीवर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. दहाव्या भागापर्यंत चिठ्ठी लागणार नाही.

दुसरा घोळ डबिंगचा. हिंदी किंवा इंग्रजी डबिंग लावलंत तर अर्धी मालिका गेली. ‘मी’साठीचे शब्द कानाने ऐकायचे असतात, उपशीर्षकात ते सगळे ‘आय’ होतात. सम्राट स्वतःला ‘झेन’ म्हणतो (नायिकेच्या आडनावाशी गल्लत करू नका, चिनीत ते वेगळं अक्षर आहे). मोठ्या राण्या खालच्यांपुढे ‘बनगोंग’ म्हणतात, सम्राटापुढे ‘छेनछ्ये’, दासी ‘नूबी’. आता लक्ष ठेवा: सम्राट ‘झेन’ सोडून साधं ‘वो’ म्हणतो तेव्हा तो नवरा म्हणून बोलतोय. राणीने ‘वो’ म्हटलं की तिने एकतर सगळं सोडलंय, नाहीतर आता काही गमावण्यासारखं उरलेलं नाही. मूळ आवाजही बऱ्याचदा नटांचे नसतात हे खरं. झेन हुआनचा आवाज सुन लीचा नाही, जी क्वानलिनचा आहे. पण ते काम चोख असतं. ओठांशी जुळत नाही म्हणून मूळ आवाज नाकारून हिंदी लावणाऱ्यांचा तर्क मला आजवर कळलेला नाही.

तर ‘यानशी’ की ‘रुयी’. दोन्ही २०१८ सालच्या, महिन्याभराच्या अंतराने आलेल्या: ‘यानशी’ १९ जुलैला, ‘रुयी’ २० ऑगस्टला. दोन्हींत सम्राट तोच, छ्येनलोंग, १७३५ ते १७९६. आपल्याकडे थोरला बाजीराव ते पानिपत ते थोरले माधवराव असं सगळं होऊन दुसरा बाजीराव गादीवर बसतो, त्याच वर्षी हा पायउतार होतो. दोन्हींत तीच माणसं आहेत असं वाटेल, आणि ते बरोबर आहे. मुख्य तीन बायका त्याच आहेत, फक्त उलट्या. फूचा सम्राज्ञी ‘यानशी’त देवमाणूस, ‘रुयी’त थंड आणि हिशेबी. वेई घराण्यातली मुलगी ‘यानशी’त नायिका (यिंगल्वो), ‘रुयी’त खलनायिका (यानवान). नारा सम्राज्ञी ‘यानशी’त हळूहळू विषारी होत जाते, ‘रुयी’त तीच नायिका.

इतिहासात काय आहे? वेई १७२७ ची, सम्राटाच्या खासगी खात्याच्या बांधील नोकरांच्या घरातली. बॅनर (मांचूंचे लष्करी गट) घराण्यांतल्या मुलींची निवड दर तीन वर्षांनी होई, ती राण्यांसाठी. बांधील घरांतल्या मुलींची दरवर्षी, ती दासींसाठी. तिथून वर चढलेली ही बाई. १७५६ ते १७६६ या दहा वर्षांत सहा मुलं, १७६५ मध्ये हुआंगक्वेईफेई, १७७५ मध्ये मृत्यू. जिवंतपणी ती सम्राज्ञी कधीच झाली नाही. १७९५ मध्ये तिचा मुलगा वारस म्हणून जाहीर झाला तेव्हा, मरून वीस वर्षांनी, तिला ते पद मिळालं.

आणि नारा? १७६५ च्या दक्षिण दौऱ्यात हांगझोऊला असताना अचानक तिला बीजिंगला परत धाडलं. पुढच्या वर्षी ती गेली. अंत्यविधी सम्राज्ञीचे नाहीत, एक पायरी खालचे, आणि स्वतंत्र थडगंही नाही, दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात ठेवली. कारण म्हणून एवढंच येतं की तिने स्वतःचे केस कापले. मांचू रिवाजात बाई केस कापे ती नवरा किंवा राजमाता गेल्याच्या सुतकात. दोघंही जिवंत असताना कापणं म्हणजे ‘तुम्ही मला मेलात’ असं तोंडावर सांगणं. तिने ते का केलं यावर नोंदी गप्प आहेत, आणि ती गप्प जागा दोन्ही मालिकांनी आपापल्या सोयीने भरली. ‘यानशी’ने तिला एका बंडाच्या धांदलीत उरकलं. ‘रुयी’ने ८७ भाग त्या एका कात्रीकडे नेले. संथपणा म्हणतात तो हाच. सुरुवातीला नवरा-बायको एकमेकांना बालपणीच्या नावाने हाक मारतात, ती हाक कधी बंद झाली ते तुम्हाला पुढे कित्येक भागांनी जाणवतं. मेहुण्याने बाराव्या भागात सोडली.

आता त्याच्या ‘मोठ्या टोप्या’. पहिलं म्हणजे त्या साध्या टोप्या नाहीत, केशरचनेचाच भाग आहेत. डोक्यावर आडवी काळी पाटी, वर फुलं, बाजूला लोंबणारा गोंडा, हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्सशी राजमातेच्या काळातला. छ्येनलोंगच्या काळात केसांचे दोन छोटे चपटे वळसे, कानाच्या वर जेमतेम बोटभर दिसणारे. १९९८ च्या ‘माय फेअर प्रिन्सेस’मध्ये छ्येनलोंगच्या दरबारात सगळ्याजणी मोठ्या पाट्या घालून हिंडतात, म्हणजे शंभर वर्षांची चूक. ‘यानशी’त ती सुधारलीय. एका कानात तीन डूलही तिथे दिसतात. तो मांचू रिवाज होता, आणि मुली एकच डूल घालायला लागल्या म्हणून खुद्द छ्येनलोंगने फटकारलं होतं.

‘यानशी’तल्या फूचाच्या केसांतली फुलंही बघा. ती दागिन्यांऐवजी साधी कृत्रिम फुलं माळत असे हे छिंग इतिहासातच लिहिलंय. मालिकेत त्यासाठी नानजिंगची रोंगहुआ (रेशमाची फुलं) वापरली. हे काम असं: रेशीम उकळून त्यातला डिंक काढायचा, रंगवायचं, वाळवून विंचरायचं. तांब्याची बारीक तार तापवून मऊ करायची, ताणलेल्या रेशमावर ती बांधून कापायची आणि पीळ द्यायचा, की बाटली घासायच्या ब्रशसारखी केसाळ कांडी तयार होते. मग कात्रीने तिला पाकळीचा आकार द्यायचा, चिमट्याने वाकवून फूल जुळवायचं. तार पुरेशी तापवली नसेल तर पीळ बसत नाही आणि रेशीम गळतं. निळ्या चमकदार दागिन्यांचं म्हणाल तर मूळ काम खंड्या पक्ष्याच्या पिसांचं असे, ती चिकटवून बसवत. आता मालिकांत रंगवलेली हंसाची पिसं किंवा रेशमी फीत असते. जवळून दाखवलं की फरक दिसतो, कारण खऱ्या पिसाचा निळा रंग कोन बदलला की बदलतो आणि फितीचा नाही.

“सगळ्यांचे कपडे सारखेच” म्हणणाऱ्यांनी पुरुषांची डोकी बघावीत, दहा सेकंदांत राजवट कळते. कपाळ तासलेलं आणि मागे वेणी, छिंग. काळ्या टोपीला दोन्ही बाजूंना हातभर लांब सरळ पट्ट्या, सुंग (९६० ते १२७९), उदाहरणार्थ ‘मिंगलान’. पट्ट्या आखूड, रुंद आणि छातीवर चौकोनी कशिदा, मिंग. कशिद्यात पक्षी असेल तर मुलकी अधिकारी, श्वापद असेल तर लष्करी. छिंगांनी तो चौकोन उचलला, पण त्यांचा अंगरखा पुढून उघडतो म्हणून छातीवरचा चौकोन मधोमध चिरलेला असतो. मऊ टोपी, गोल गळ्याचा झगा, कमरेला पट्टा, तांग, त्यासाठी ‘लाँगेस्ट डे इन चांगआन’. आणि पांढरे झगे, मोकळे केस, वारा नसताना उडणारे पदर असतील तर राजवट शोधू नका, ते देव-दैत्यांचं प्रकरण आहे. एक नियम सगळीकडे: डावी बाजू वर, काठ उजव्या काखेकडे. उलटं फक्त प्रेताला. उलटं नेसलेला जिवंत माणूस दिसला तर एकतर कपडेपटाची चूक, नाहीतर चित्र आरशासारखं उलटलंय.

वेळेचा हिशेब करून बसा. एक भाग ४५ मिनिटांचा, ‘रुयी’ ६५ तास, ‘यानशी’चे ७० भाग साडेबावन्न तास. गाणी गाळलीत तर भागामागे तीन-चार मिनिटं वाचतात. वेग वाढवून बघायचं असेल तर ‘यानशी’ चालते, ‘रुयी’ नाही, तिथे गप्प बसण्यालाच अर्थ असतो. ‘झेन हुआन’ची दीड-दीड तासाच्या सहा चित्रपटांत कापलेली अमेरिकन आवृत्ती आहे, ती घेऊ नका, त्यात कारस्थान कळतं, त्यामागचं कारण कळत नाही. एवढं लांब नकोच असेल तर २०२० नंतरचं बघा, तेव्हा तिथल्या नियामकाने ४० भागांची मर्यादा घातली. ‘ड्रीम ऑफ स्प्लेंडर’ (२०२२) बरोबर ४० भागांची आहे.

थोडं माझ्याविरुद्धही सांगायला हवं. ‘यानशी’चे मळकट, राखाडी छटांचे रंग देखणे आहेत, पण खरा छिंग दरबार त्याहून भडक होता, जपलेले झगे तसं सांगतात. तिचा निर्माता यू झेंग आणि काही निर्मिती कंपन्यांना मिळून वाङ्मयचोरीच्या खटल्यात २०१४ मध्ये ५० लाख युआनची भरपाई ठोठावली होती, आणि खटला ‘माय फेअर प्रिन्सेस’च्याच लेखिकेने भरला होता. ‘रुयी’त नायिका झालेली जोउ शून सुरुवातीच्या भागांत तरुण मुलगी अजिबात वाटत नाही, हे मेहुण्याचं म्हणणं मला मान्य आहे. कस्तुरीचा वास आला की गर्भ पडला, हे सगळ्याच मालिका हव्या तितक्या ताणतात. आणि खरा यानशी महाल बघायला बीजिंगला जाऊ नका. तो १८४५ मध्ये जळाला, १९०९ मध्ये तिथे लोखंड-काचेचा जलमहाल बांधायला घेतला, तो अर्धवट राहिला. आज तिथे गंजका सांगाडा उभा आहे.

तेव्हा क्रम: ‘झेन हुआन’, मग ‘रुयी’, मग तोंडाची चव बदलायला ‘यानशी’. उलट क्रमाने गेलात तर वेई यिंगल्वोच्या प्रेमात पडाल आणि ‘रुयी’तल्या यानवानला माफ करत बसाल. मेहुण्याने नेमकं तेच केलं होतं.