'व्यासपीठ देणं' म्हणजे नेमकं काय देणं?

विद्यापीठात एखाद्या वक्त्याचं भाषण ठरतं, विरोध होतो आणि ते रद्द होतं. अशा बातम्यांत 'त्यांना व्यासपीठ नाकारण्यात आलं' असं वाक्य असतं. एका ताईंनी विचारलं आहे की हा इंग्रजी 'प्लॅटफॉर्म'चा तर्जुमा आहे का, आणि त्याऐवजी 'मंच' किंवा 'विचारपीठ' म्हणावं का. 'शैक्षणिक स्वातंत्र्यावर घाला' हे शब्दही अशा वेळी येतात, ते तरी बरोबर आहेत का, असा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने 'व्यासपीठ नाकारणं' यात काही चूक नाही. तरी या विषयावर लिहिताना मी तो प्रयोग टाळते. अशा प्रसंगी भांडण असतं ते यावर की बोलावलेल्या माणसाचा आपण मान करतोय की त्याचं नुसतं ऐकून घेतोय. 'व्यासपीठ' म्हटलं की त्या भांडणाचा निकाल शब्दानेच लावून टाकलेला असतो.

व्यासपीठ म्हणजे व्यासांचं आसन. पुराण सांगणारा ज्या चौरंगावर बसतो ते. तिथे बसलेला माणूस तेवढ्या वेळापुरता व्यासांच्या जागी असतो. म्हणून त्याला गंध लावतात, हार घालतात, वयाने मोठी माणसंही त्याच्या पाया पडतात, आणि कथा पुरी होईपर्यंत त्याने स्वतः कोणाला नमस्कार करायचा नाही असा संकेत आहे. कीर्तनात 'नारदाची गादी' म्हणतात त्यामागे हाच भाव. माझ्या आजोळी चातुर्मासात पोथी लागायची. पोथी सांगणारे गुरुजी एरवी ओसरीवर बसून आजोबांशी तासन्‌तास हुज्जत घालत. पण ठवणीवर पोथी उघडली की तेच आजोबा हात जोडून ऐकत बसायचे. मध्येच शंका काढायची आम्हा मुलांची छाती नव्हती. शंका विचारायची ती समाप्तीनंतर, अंगणात.

हिंदीत आजही व्यासपीठ म्हणजे कथा सांगणाऱ्याचं आसन. सभेतला वक्ता 'मंचा'वर असतो. मराठीने हा शब्द देवळाच्या सभामंडपातून नाट्यगृहात, शाळेच्या पटांगणात, निवडणुकीच्या सभेत नेला. पुढे तर लाकडी फळ्यांचीही गरज उरली नाही: 'नवोदितांना हक्काचं व्यासपीठ', 'महिला बचत गटांसाठी व्यासपीठ'. अर्थ इतका पसरला, पण त्यातला मान काही गेला नाही. आपल्याकडचा कुठलाही कार्यक्रम आठवा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, 'आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळ काढून', आणि शेवटी आभारप्रदर्शन. प्रमुख पाहुण्यांचे दोष सांगायला या क्रमात जागाच नाही. बोलावणं आणि गौरवणं हा आपल्याकडे एकच विधी होऊन बसला आहे.

इंग्रजी 'प्लॅटफॉर्म'चं तसं नाही. तो मुळात फ्रेंचातून आलेला, सपाट जागा एवढ्याच अर्थाचा शब्द. गंमत अशी की तो आपल्याकडेही आला आणि त्याचा 'फलाट' झाला. फलाटावर कोणीही उभं राहावं. तिथे उभ्या असलेल्या माणसाबद्दल फलाटाचं काही मत नसतं. ज्या शब्दाचा मराठीत एकदा फलाट झाला, त्याच शब्दाचं भाषांतर आपण दुसऱ्यांदा केलं ते थेट व्यासांचं आसन! म्हणून इंग्रजी वाक्य आणि मराठी वाक्य शब्दाला शब्द जुळतं, पण वजन जुळत नाही.

अर्थात इंग्रजीतही या प्रयोगाला एका बाजूचा रंग आहेच. ब्रिटनच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने 1974 मध्ये वंशद्वेषी आणि फॅसिस्ट संघटनांना विद्यार्थ्यांच्या सभांमध्ये जागा द्यायची नाही असा ठराव केला. 'नो प्लॅटफॉर्म' ही त्या धोरणाची घोषणा. पुढे 1986 च्या शिक्षण कायद्यात तिथल्या विद्यापीठांवर भाषणस्वातंत्र्य सांभाळायचं बंधन आलं, आणि त्यात बाहेरून येणाऱ्या वक्त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे बातमीदार 'व्यासपीठ नाकारलं' लिहितो तेव्हा तो नकळत एका चळवळीची भाषा बोलत असतो, आणि वर तिला मराठी मानपानाचं वजन देत असतो.

एक प्रसंग सांगते. 24 सप्टेंबर 2007 ला इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बोलायला आले. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी प्रास्ताविकातच त्यांना तोंडावर सांगितलं की क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सगळी लक्षणं तुमच्यात दिसतात. ज्यूंच्या संहाराबद्दलच्या त्यांच्या विधानांचाही समाचार घेतला. अहमदीनेजाद उत्तरात म्हणाले की आमच्याकडे वक्त्याला बोलावलं तर बोलण्याआधीच त्याच्यावर आरोप करत नाहीत, काय ते विद्यार्थ्यांना ठरवू देतात. बोलिंजर यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली: बोलावलंच का म्हणूनही, आणि बोलावून असं वागलात का म्हणूनही. आता हे मराठीत 'कोलंबियाने अहमदीनेजाद यांना व्यासपीठ दिलं' असं लिहून पाहा. त्या दिवशी जे घडलं त्यातलं काहीही या वाक्यात येत नाही. त्यांना बोलावलं, खडे बोल सुनावले, त्यांचं ऐकलं, प्रश्न विचारले. ही चार क्रियापदं वाचकाला जास्त सांगतात.

माझं खरं म्हणणं क्रियापदांबद्दलच आहे. 'व्यासपीठ नाकारलं' या प्रयोगाची मोठी खोट ही की कोणी काय केलं ते तो झाकतो. मराठीत या प्रत्येक कृतीला वेगळा, नेमका शब्द आहे. यजमानाने निमंत्रण मागे घेतलं, की कुलगुरूंनी परवानगी नाकारली, की व्यवस्थापनाने ऐन वेळी सभागृह दिलं नाही, की श्रोत्यांनी सभा उधळली? विरोधकांनी बहिष्कार टाकला, काळे झेंडे दाखवले, की आरडाओरडा करून भाषण बंद पाडलं? काळे झेंडे दाखवणारा आपलं मत मांडत असतो. भाषण बंद पाडणारा दुसऱ्यांचं ऐकणं बंद करत असतो. या दोघांना एकाच शब्दात कोंबणं हा दोघांवरही अन्याय आहे. सुरतेत 1907 साली जोडा भिरकावला गेला आणि काँग्रेसचं अधिवेशन उधळलं, असं आपण म्हणतो. तिथे कोणाला 'व्यासपीठ नाकारलं' असं म्हणून भागणार नाही.

1895 चं पुणं घ्या. काँग्रेसच्या मंडपात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही यावरून शहर पेटलं होतं. अखेर रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला आणि परिषद वेगळीकडे भरवली. वाद मंडपाचा आहे असं म्हटलं की मंडप कोणाचा, वर्गणी कोणाची, ठरवणार कोण, हे प्रश्न आपोआप समोर येतात. 'व्यासपीठ' म्हटलं की ते विरून जातात.

किंवा 1936 चं लाहोर. जात-पात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बोलावलं. भाषणाचा मजकूर आधी हाती पडल्यावर त्यातला काही भाग गाळावा अशी मागणी केली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं, आणि परिषदच रद्द झाली. न झालेलं ते भाषण त्यांनी छापलं. पहिल्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. इथे बोलावणारे विरोधक नव्हते, जातिभेद मोडायला निघालेली मंडळी होती. 'मजकूर बदला नाहीतर सभा नाही' ही कृती 'व्यासपीठ नाकारलं' या तीन सेकंदांच्या वाक्यात कशी मावेल? मला तर हा प्रसंग वाचताना आजही वाईट वाटतं.

जाता जाता 'वादग्रस्त' या शब्दाबद्दल. पूरग्रस्त, कर्जग्रस्त, रोगग्रस्त यांत जो 'ग्रस्त' तोच इथे. ज्याला वादाने ग्रासलं आहे तो वादग्रस्त. जमीन किंवा ठराव वादग्रस्त असणं मी समजू शकते. माणसालाच वादग्रस्त म्हटलं की वाद त्याच्या अंगाला चिकटलेला रोग ठरतो, आणि वाद घालणारी दुसरी बाजू वाक्यातून नाहीशी होते. 'ज्यांच्या अमुक मतांना विरोध आहे असे' हे लांब आहे, पण त्यात मत कोणतं हे सांगावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. 'शैक्षणिक' हा शब्द आपण शैक्षणिक वर्ष, शैक्षणिक शुल्क, शैक्षणिक सवलत असा शाळा-कॉलेजच्या कारभारासाठी वापरतो. त्यामुळे 'शैक्षणिक स्वातंत्र्य' ऐकलं की विषय निवडायची मोकळीक असं काहीतरी वाटतं. मूळ कल्पना जर्मन विद्यापीठांतली. तिथे शब्द दोन आहेत: शिकवणाऱ्याचं स्वातंत्र्य ते 'लेअरफ्रायहाइट' आणि शिकणाऱ्याचं ते 'लेर्नफ्रायहाइट'. आपले अध्यापन आणि अध्ययन अगदी तसेच जोडीने उभे आहेत, हे किती छान जुळतं! अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने 1915 च्या जाहीरनाम्यात शिकवणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे तीन भाग केले: संशोधन, वर्गातलं अध्यापन, आणि विद्यापीठाबाहेर नागरिक म्हणून बोलणं. जर्मनीच्या राज्यघटनेत पाचव्या कलमात संशोधन आणि अध्यापन यांचा वेगळा उल्लेख आहे. आपल्या घटनेत तसा तो नाही. आपण 19 व्या कलमातल्या भाषणस्वातंत्र्यावरच विसंबतो. म्हणूनही असेल, मराठीत या दोन कल्पना एकमेकींत मिसळून जातात.

वरच्या तीन भागांत पाहुणा वक्ता कुठेच नाही, हे लक्षात घ्या. बाहेरून आलेल्या माणसाला माझं भाषण ठेवाच असं विद्यापीठाला सांगता येत नाही. पण आतल्या प्राध्यापकाने किंवा विद्यार्थ्यांनी त्याला बोलावलं आणि वरून कोणी हुकूम काढून अडवलं, तर धक्का आतल्यांच्या स्वातंत्र्याला बसतो. तेव्हा 'स्वातंत्र्यावर घाला' म्हणायला हरकत नाही, फक्त कोणाच्या ते लिहावं.

हे जितकं स्पष्ट चॅपेल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, दिसलं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने जून 1963 मध्ये, अधिवेशन संपता संपता, एक कायदा केला: सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या आवारात कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांनी बोलायचं नाही. विरोधक त्याला 'गॅग लॉ' म्हणत. याला आपल्याकडे तयार शब्द आहे, मुस्कटदाबी. 1878 च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्यालाही इंग्रजीत याच अर्थाचं टोपणनाव पडलं होतं. मार्च 1966 मध्ये विद्यार्थ्यांनी नागरी हक्कांचे कार्यकर्ते फ्रँक विल्किन्सन आणि कम्युनिस्ट इतिहासकार हर्बर्ट ऍप्थेकर यांना बोलावलं. आवारात परवानगी मिळाली नाही. मग दोघेही, एका आठवड्याच्या अंतराने, फ्रँकलिन स्ट्रीटच्या पदपथावर उभे राहिले. मध्ये विद्यापीठाच्या हद्दीची ठेंगणी दगडी भिंत, आणि आत हिरवळीवर बसलेले विद्यार्थी. वक्ते रस्त्यावरून बोलले, विद्यार्थ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं. पुढे विद्यार्थी कोर्टात गेले. दाव्यावर पहिलं नाव विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाचं होतं. फेब्रुवारी 1968 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा संदिग्ध म्हणून रद्द केला.

या गोष्टीत व्यासपीठ कुठे आहे? ऍप्थेकर यांना बोलायला पदपथ पुरला. नाकारलं गेलं ते विद्यार्थ्यांना, स्वतःच्या अंगणात बसून पाहुण्याचं ऐकणं.

म्हणून ताई, माझं मत असं. वस्तू सांगायची असेल, म्हणजे फळ्या, खुर्च्या आणि माईक, तर 'मंच' चांगला. 'विचारपीठ' हा शब्द बऱ्याच जणांनी पौराणिक आसन नको म्हणून मुद्दाम पत्करला आहे, आणि त्या भूमिकेबद्दल मला आदर आहे. पण पीठ त्यातही आहेच, आणि शालही येतेच. 'शैक्षणिक स्वातंत्र्या'ऐवजी मी 'अध्ययन-अध्यापनाचं स्वातंत्र्य' लिहिते. आटोपशीर हवा असेल तर 'विद्यास्वातंत्र्य' करून पाहा, 'विद्यापीठा'शेजारी तो शोभतो. आणि बातमीतलं ते वाक्य मी असं लिहीन: 'विद्यार्थी मंडळाने ठेवलेलं अमुक यांचं व्याख्यान कुलसचिवांनी आदल्या दिवशी सभागृहाची परवानगी काढून घेतल्यामुळे झालं नाही.' परवानगी कोणी काढली हे बातमीदाराला ठाऊक नसेल, तर त्याने छापण्याआधी विद्यापीठात फोन करून विचारावं.