तक्ता पाठ करण्याआधी एवढं बघ

नवीन भाषेत ‘त्याचा-तिचा’चा तक्ता दिसला की लगेच घोकायला बसू नकोस. आधी बघ, शब्द बदलतो तो मालकाकडे बघून की वस्तूकडे? इंग्रजी ‘हिज-हर’ फक्त मालक बघतात. फ्रेंचचं उलटं: ‘सा मेझों’ म्हणजे त्याचं घर आणि तिचंही, कारण तिथे घरच स्त्रीलिंगी. मराठी दोन्हीकडे बघते (त्याची वही, तिचा चष्मा), जर्मनही तशीच. तुर्की या भानगडीत पडतच नाही. ‘एव’ला ‘इ’ जोडला की झालं त्याचं किंवा तिचं घर.

मी खरा अडकलो रशियनमध्ये. ‘इवान त्याचं पुस्तक वाचतो’ म्हणताना ‘येवो’ वापरलं, आणि पुस्तक भलत्याचंच झालं! स्वतःचं असेल तर ‘स्वोय’चं रूप लागतं. थेट आपल्या ‘आपला’सारखं, पण तेव्हा डोक्यातच आलं नाही.