‘पाणी सुटणे’ आणि ‘परासरण’

कोल्हापुरातील एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, परासरणाची दोन उदाहरणे द्या, या प्रश्नाला एका विद्यार्थ्याने ‘मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते’ आणि ‘पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते’ अशी उत्तरे लिहिली आहेत. दोन्हीकडे आपण शब्द एकच वापरतो, मग दुसरे उत्तर बरोबर धरावे की नाही?

दुसरे उत्तर बरोबर धरता येणार नाही, परंतु मुलाची गल्लत समजण्यासारखी आहे. ‘पाणी सुटणे’ हा घरोघरी चालणारा प्रयोग पाणी कोठे दिसू लागले एवढेच सांगतो. ते कोठून आले आणि कशातून आले, हे त्यातून कळत नाही. ‘परासरण’ या संज्ञेला मात्र नेमके तेच सांगायचे असते. निवडक्षम पारपटलातून (म्हणजे काही कणांनाच आरपार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यातून), विद्राव्याचे, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे, कण कमी असलेल्या बाजूकडून ते जास्त असलेल्या बाजूकडे पाणी जाते, तेव्हाच त्याला परासरण म्हणतात.

काकडीच्या चकतीवर मीठ भुरभुरले की ते आधी पृष्ठभागावरच्या ओलाव्यात विरघळते आणि तेथे खारट पाण्याचा पातळ, पण तीव्र थर तयार होतो. पेशीच्या आतल्या रसापेक्षा हे द्रावण अतिपरासारी असते, म्हणजे त्यात विद्राव्याचे कण जास्त असतात. पेशीभोवतीच्या प्रद्रव्यपटलातून पाणी सहज ये-जा करते, क्षारांना मात्र तशी मोकळीक नसते. त्यामुळे पाणीच बाहेर पडू लागते, रिक्तिका (पेशीतली रसाची पिशवी) आकसते आणि पेशीद्रव्य पेशीभित्तिकेपासून अलग होते. यालाच रससंकोच म्हणतात, आणि करकरीत चकती थोड्याच वेळात लिबलिबीत का होते याचे उत्तरही त्यातच आहे. चिरताना कापल्या गेलेल्या पेशींचा रस त्या पाण्यात मिसळलेला असतो हे खरे, परंतु बहिःपरासरणाचे उदाहरण म्हणून हे उत्तर निःशंकपणे स्वीकारावे. पाणी पटलातून इतक्या वेगाने कसे जाते, याचा उलगडा पटलातील ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांमुळे झाला. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

गुळाची गोष्ट वेगळी आहे. ऊस चरकात पिळला जातो तेव्हा त्याच्या पेशी फुटतात आणि पुढे काहिलीत रस उकळून आटतो, त्यामुळे गुळाच्या तयार रव्यात (ढेपेत) अखंड पेशी नसते आणि पटलही नसते. गुळात साखरेबरोबर थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोजही असते आणि ही द्रव्ये हवेतील बाष्प चटकन धरतात. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत रव्याच्या पृष्ठभागावर हे बाष्प जमते, त्यात गूळ विरघळतो आणि रवा चिकट होतो. म्हणजे काकडीचे पाणी आतून बाहेर आलेले असते, तर गुळाचे पाणी बाहेरून आलेले असते. याला शास्त्रीय भाषेत आर्द्रताशोषण म्हणावे. बोलीतला ‘गूळ पाघळला’ हा प्रयोगही मला येथे ‘पाणी सुटले’ यापेक्षा अधिक चपखल वाटतो. उत्तरपत्रिकेत या उदाहरणाशेजारी ‘येथे पटल कोठे आहे?’ एवढे लिहिले तरी मुलाच्या लक्षात येईल.

व्याख्या शिकवताना आणखी एक काळजी घ्यावी. ‘जास्त संहती’ (द्रावणाची जास्त तीव्रता) म्हटले की मुले विद्राव्याचे वजन मनात धरतात, परंतु परासरणात हिशेब मुख्यतः कणांच्या संख्येचा असतो. बटाट्याच्या पेशीत ग्लुकोजचे असंख्य रेणू जोडून पिष्टाचा (स्टार्चचा) एकेक महारेणू झालेला असतो आणि पिष्टाचे कण पाण्यात विरघळतही नाहीत, म्हणून एवढा साठा करूनही पेशीत पाण्याचा लोंढा येत नाही. तेवढेच ग्लुकोज सुटे राहिले असते, तर पेशीत पाण्याचा दाब कितीतरी वाढला असता. उसाने साखर रिक्तिकेत विरघळलेल्या रूपातच साठवलेली असते, त्यामुळे तो दाब त्याच्या पेशींना पेलावा लागतो आणि त्यासाठी भक्कम पेशीभित्तिका लागते. तांबड्या रक्तपेशीला अशी भित्तिका नसल्यामुळे शुद्ध पाण्यात ती फुगून फुटते, आणि म्हणूनच सलाईनमध्ये 0.9 टक्के मीठ ठेवलेले असते.

‘लोणचे मुरते’ हे परासरण आहे का, असेही वर्गात विचारले जाईल. सुरुवातीला फोडींना पाणी सुटते ते परासरणामुळे. पुढे पेशी मरतात, पटलाचा अटकाव संपतो आणि मीठ आतपर्यंत पसरते, ते विसरण. या ‘विसरण’ शब्दाचा ‘विसरणे’ या क्रियापदाशी काही संबंध नाही. ‘विसरणे’ हे संस्कृत ‘विस्मृ’वरून आले आहे, तर विसरण आणि परासरण या दोन्ही संज्ञांत ‘सृ’ म्हणजे सरकणे हा धातू आहे. मुले हे दोन शब्द गोंधळतात तेव्हा हा फरक फळ्यावर मांडून दाखवावा.